बारबेलराव बंगळूरकर

तुमची यांच्याशी ओळख नसेल तर करून देतो. हे बारबेलराव. लांबी सव्वासात फूट, वजन नेमकं २० किलो, अंगाची जाडी २८ मिलिमीटर. दिवसाचे बरेचसे तास रॅकवर आडवे पडून काढतात, पण त्यांना आळशी म्हणायची कोणाची छाती नाही. जयनगर, इंदिरानगर, मल्लेश्वरम, एचएसआर लेआउट, बंगळूरच्या कुठल्याही भागात त्यांचं बिऱ्हाड सापडतं. जिममधली पोरं त्यांना नुसतं 'रॉड' म्हणतात. ही एकेरी हाक ते मनावर घेत नाहीत. मनावर घेण्याच्या त्यांच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या आधी कळलेल्या बऱ्या.

पहिल्या भेटीत हात मिळवा. हात खरखरीत लागेल. घामेजलेली पकड सुटू नये म्हणून दांड्यावर बारीक चौकटींची आडवीतिडवी नक्षी कोरलेली असते. पंधरा दिवसांत तुमच्या बोटांच्या मुळाशी घट्टे पडतील. ती त्यांची पोच समजा. हातमोजे त्यांना आवडत नाहीत, कारण मोज्याने दांडा जाड होतो आणि पकड उलट ढिली पडते. खडूची पूड चालते. नीट पाहिलंत तर त्या नक्षीत दोन्ही बाजूंना एकेक गुळगुळीत रेघ दिसेल. तिथून बोटं मोजून दोन्ही हात सारख्या अंतरावर ठेवायचे. एक हात दोन बोटं बाहेर गेला की बारबेलराव लगेच एका अंगाला कलतात आणि मग आरशात तुमचं तोंड पाहण्यासारखं होतं.

दोन्ही टोकांना त्यांच्या बाह्या आहेत, ५० मिलिमीटर जाडीच्या. या बाह्या दांड्याभोवती स्वतंत्र फिरतात. वजन झटक्यात खांद्यावर घेताना प्लेटा गरगरल्या तरी तो पीळ मनगटापर्यंत पोचत नाही, तो याच फिरकीमुळे. ही सुधारणा न्यूरेम्बर्गच्या कास्पर बर्ग यांची. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बारबेलराव या नव्या बाह्या घालून मिरवले. त्यांची आधीची पिढी गोल डोक्यांची होती. दोन टोकांना पोकळ लोखंडी गोळे, आत वाळू किंवा छर्रे. त्या आजोबांना थोडं थोडं वाढणं सोपं नसे. आज अर्ध्या किलोची प्लेटही मिळते, आणि बारबेलरावांचा सगळा मोठेपणा मी या लहान प्लेटांत मानतो.

नटण्याची हौस त्यांना आहेच. एरवी बंगळूरच्या जिममध्ये काळ्या रबरी प्लेटांवर भागवतात. पण स्पर्धेला निघाले की थाट पाहावा. २५ किलोला लाल, २० ला निळा, १५ ला पिवळा, १० ला हिरवा. लांबच्या बाकावरचा प्रेक्षकही रंगांवरून हिशेब लावतो. त्यांची एक बहीण आहे, १५ किलोंची, अंगाने २५ मिलिमीटर. ऑलिम्पिकच्या मांडवात तिला यायला २००० साल उजाडावं लागलं. आणि आली ती काय आली! त्याच सिडनीत करनम मल्लेश्वरीने तिला ११० आणि १३० किलोंनिशी डोक्यावर धरलं आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे टोकियोत मीराबाई चानूने ४९ किलो वजनगटात याच बहिणीला ११५ किलोंसह पेललं. या घराण्यात दिसण्यावरून कोणाची किंमत करत नाहीत, हे मला फार आवडतं.

बंगळूरकर हे आडनाव त्यांना उगाच दिलेलं नाही. या गावाशी त्यांचा घरोबा शंभर वर्षांच्या आसपासचा आहे आणि तो जुळवला के. व्ही. अय्यर यांनी. १९२०च्या दशकात अय्यरांनी इथे 'हर्क्युलस जिम्नॅशियम' चालवलं, १९३० साली 'मसल कल्ट' नावाचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि टपालाने व्यायाम शिकवायला सुरुवात केली. बंगळूरहून पाकीट सुटायचं आणि कुठल्याशा दूरच्या गावातला पोरगा ते उघडून दंड फुगवायला लागायचा. म्हैसूरच्या कृष्णराज वडियार महाराजांचा अय्यरांना आश्रय होता. जे. सी. रोडवरची त्यांची व्यायामशाळा जुन्या बंगळूरकरांच्या अजून बोलण्यात येते. हाच माणूस कन्नडमध्ये 'शांतला' आणि 'रूपदर्शी' या कादंबऱ्या लिहितो, नाटककार कैलासम यांच्याशी दोस्ती करतो, नाटकमंडळी उभी करतो. बारबेलरावांच्या संगतीत माणूस दगड होतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी अय्यरांचं नाव सांगतो.

इथे आपल्या मराठी मुलखाचा धागा येतो. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी प्रसिद्ध बलोपासक युजीन सँडोच्या पद्धतीने, त्याची साधनं आणवून कसरत करीत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि नमस्कारांचा प्रसार हेच त्यांनी आयुष्याचं काम मानलं. साहित्य नको, खर्च नको, वीतभर जागा पुरे. बारबेलरावांना हा निरोप मिळाला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? अय्यरांनी मात्र दोघांचा संसार एकत्र मांडला. त्यांनी सूर्यनमस्कारावर १९३७ साली स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि लोखंडही सोडलं नाही. हठयोगाने आतलं बळ आणि वजनांनी बाहेरचं, अशी त्यांची धारणा होती. माझा कौल अय्यरांच्या बाजूने. नमस्कारात तुमचं स्वतःचं वजन तुम्ही उचलता, आणि ते काही दर आठवड्याला अडीच किलोंनी वाढवता येत नाही. वाढलं तर घरचे काळजीत पडतात. अडीच किलोंची ती पायरी बारबेलरावांकडेच आहे.

आता त्यांच्या स्वभावाकडे येऊ. गृहस्थ सरळ आहेत, अगदी शब्दशः. खाली-वर जाताना त्यांना सरळ रेघ लागते, आणि ती रेघ तुमच्या पावलाच्या मध्यावरून गेली पाहिजे. स्क्वॉटमध्ये ते खांद्यामागे बसतात. तुम्ही टाचा उचलल्या की ते तुम्हाला पुढे ढकलतात. डेडलिफ्टमध्ये जमिनीवरून उठताना त्यांना नडगीला चिकटून यायचं असतं. वीतभर लांब ठेवलंत की कंबरेकडून वसुली होते. जरा जास्तच लगट केलीत तर नडगीची साल निघते. म्हणून जाणती मुलं त्या दिवशी लांब मोजे घालून येतात.

उतावळ्या माणसाशी त्यांचं मुळीच जमत नाही. बंगळूरच्या जिममध्ये हा प्रसंग दर हंगामाला घडतो. नोकरीला नुकताच लागलेला, अंगावर कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा तिसऱ्याच दिवशी बेंचवर ८० किलो लावतो. शेजारी स्पॉट द्यायला, म्हणजे अडल्यास दांडा धरायला, कोणी नाही. बारबेलराव छातीपर्यंत येतात आणि तिथेच मुक्काम करतात. मग मंड्याकडचा ट्रेनर शांतपणे येतो, एका हाताने दांडा उचलून रॅकवर ठेवतो आणि म्हणतो, 'साकु, साकु.' पुरे आता. तोच ट्रेनर पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला ३५ किलोंवर उभा करतो आणि शेवटच्या फेरीला ओरडतो, 'इन्नोंदु!' अजून एक! या दोन कानडी शब्दांवर बंगळूरच्या निम्म्या जिम चालतात.

बेंचला स्पॉट देणारा हवाच. तो नसेल तर रॅकच्या आडव्या सुरक्षापट्ट्या छातीच्या उंचीला लावून घ्या. ही बाब बारबेलराव विनोदाने घेत नाहीत, तुम्हीही घेऊ नका.

थंडीत त्यांची खरी मैत्री जुळते. बंगळूरची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंधरा-सोळा अंश. निफाडच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण या शहराने १८८४च्या जानेवारीत ७.८ अंशही पाहिले आहेत, आणि आजही सकाळी सहाला कब्बन पार्कच्या बाजूने माकडटोप्या फिरताना दिसतात. हवा कोरडी, अंगाला चिकचिक नाही, भूक दणदणीत. आयुर्वेदाच्या अष्टांगहृदयात वाग्भटाने नेमका हाच काळ सांगितला आहे. स्निग्ध खाणाऱ्या बळकट माणसाने थंडीच्या आणि वसंताच्या दिवसांत व्यायाम करावा, तोही अर्ध्या शक्तीने. हे 'अर्ध्या शक्तीने' फार मोलाचं आहे. आजचे चांगले प्रशिक्षकही हेच सांगतात की प्रत्येक सेट संपताना अजून दोन वेळा उचलता आलं असतं इतका दम शिल्लक ठेवा.

पहाटे मात्र बारबेलराव गार असतात, आणि गार असले की फटकून वागतात. लोखंड हाताला लागतं, तुमचे खांदे जागे झालेले नसतात, गुडघे कुरकुरतात. अशा वेळी थेट प्लेटा चढवल्या तर ते सहन करत नाहीत. आधी अय्यरांचं स्मरण करून बारा सूर्यनमस्कार घाला. मग रिकाम्या रॉडचे दोन सेट, आठ-आठ वेळा. मग, खरं वजन ५० किलो असेल तर, ३० किलो पाच वेळा, ४० किलो तीन वेळा, आणि मग त्या दिवशीचं खरं वजन. यात दहा-बारा मिनिटं जातात. सिल्क बोर्डच्या सिग्नलला यापेक्षा जास्त जातात.

त्यांना आखणी आवडते. आखणी म्हणजे भिंतीवरचा तक्ता नाही, खिशात मावणारी वही. गेल्या बुधवारी किती उचललं, कितव्या वेळेला श्वास अडकला, झोप किती झाली होती, हे सगळं तीत लिहायचं. बारबेलराव स्वतः काही विसरत नाहीत, आणि तुम्ही विसरलात की चुकीच्या आकड्यावर तुम्हाला खाली बसवतात.

बंगळूरचा हंगाम मी कडलेकाई परिषे या शेंगांच्या जत्रेपासून धरतो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. तिथून महाशिवरात्रीपर्यंत साधारण बारा आठवडे मिळतात. आठवड्याला तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुटीचा. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि वाकून ओढायचा रो. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, डोक्यावरचा प्रेस आणि डेडलिफ्ट. हे दोन दिवस आलटून पालटून. प्रत्येकी पाच वेळांचे तीन सेट, डेडलिफ्टचा मात्र एकच, कारण ती माणसाला सगळ्यात जास्त थकवते. बस्स. यात दंडाची वेगळी कसरत नाही म्हणून पोरं नाराज होतात. शिवरात्रीला बाही घट्ट झाली की नाराजी जाते.

वाढ आठवड्याला अडीच किलो, डोक्यावरच्या प्रेसला सव्वा. दर चौथा आठवडा उतरता. त्या आठवड्यात वजन कमी आणि सेटही कमी, कारण स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मागून येतात. त्यांना सवड दिली नाही की कोपर आणि खांदा बोलायला लागतो. हिशेब करा. ३० किलोंनी स्क्वॉट सुरू केला, चौथा, आठवा आणि बारावा आठवडा उतरता ठेवला, तर अकराव्या आठवड्यात तुमच्या खांद्यावर ५० किलो असतात. नोव्हेंबरात रिकाम्या रॉडखाली थरथरणारा माणूस फेब्रुवारीत सिमेंटच्या पोत्याएवढं वजन घेऊन खाली बसतो आणि उठतो. मला या गणितात कधीच कंटाळा येत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे फार गर्दी होते. नव्या वर्षाचे संकल्प घेऊन लोक येतात, रॅकपुढे रांग लागते, सेल्फी निघतात. बारबेलराव सगळ्यांना सारखं वागवतात, पण ओळख नोव्हेंबरातल्यांचीच ठेवतात. संक्रांतीला इथे एळ्ळु-बेल्ला वाटतात, आपण तिळगूळ वाटतो. तोवर गर्दी ओसरायला लागलेली असते आणि रॅक पुन्हा हाताशी येतो. म्हणून सांगतो, संकल्पाला १ जानेवारीची वाट पाहू नका.

खाण्याच्या बाबतीत ते कर्मठ नाहीत. हंगामच त्यांची सोय करतो. परिषेच्या शेंगा घरात असतात, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. डिसेंबरात अवरेकाळु, म्हणजे पावट्याचे दाणे, येतात. व्ही. व्ही. पुरममध्ये त्यांच्या डोशापासून जिलबीपर्यंत सगळं होतं. जिलबी रोज नको, पण त्या दाण्यांची उसळ आणि वाटीभर दही रोज चालेल. पुण्याहून कोणी येत असेल तर डिंकाचे लाडू मागवून घ्या. अंडी खाणाऱ्यांनी अंडी खावीत. आणि झोप. रात्री दीडपर्यंत अमेरिकेशी मीटिंग करून सकाळी सहाला त्यांच्यापुढे उभं राहाल, तर ते आकडा अडवून धरतील.

बारबेलराव तरुणांचेच आहेत हा गैरसमज मला मनापासून खटकतो. पन्नाशी-साठीतल्या बाईच्या हाडांना भार हवा असतो, चालण्याने मिळतो त्यापेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. लेकाकडे बंगळूरला येऊन राहिलेल्या आपल्याकडच्या कितीतरी काकू दिवसभर चौदाव्या मजल्यावर बसून असतात. त्यांनी १५ किलोंच्या बहिणीशी ओळख करून घ्यावी. तीही जड वाटली तर हलका दांडा मिळतो. रक्तदाब असेल, पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, श्वास रोखून धरायचा नाही, आणि उठबस शिकवणारा माणूस पहिले काही आठवडे शेजारी हवा. खुर्चीतून हात न टेकता उठता येणं ही त्या वयात फार मोठी कमाई आहे.

बारबेलराव पैलवानांना मात्र हटकून पळवतात. कर्नाटकात कुंदापूरच्या गुरुराज पुजारीला कुस्ती करायची होती. कॉलेजात शिक्षकांनी त्याला यांच्या पुढ्यात उभं केलं. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने एकूण २४९ किलो उचलून रौप्य आणलं, २०२२ला बर्मिंगहॅममध्ये कांस्य. आणि आपलं कोल्हापूर जिल्ह्यातलं, सीमेलगतचं कुरुंदवाड! तालमींच्या मुलखातल्या या लहान गावातून गणेश माळी आणि ओंकार ओतारी २०१४च्या ग्लासगो स्पर्धेला गेले आणि दोघेही कांस्यपदक घेऊन परतले. दोन्हीकडे चकचकीत जिमची सोय नव्हती. दांडा, प्लेटा, शिकवणारा माणूस आणि वेळ, एवढं होतं.

तेव्हा कार्तिकातला तो सोमवार चुकवू नका. बसवनगुडीत शेंगा घ्या, आणि मंगळवारी संध्याकाळी वही घेऊन जिममध्ये या. दांडा आधी वजनकाट्यावर ठेवून पाहा, कारण स्वस्त जिममध्ये २० किलो म्हणून १२ किंवा १५ किलोंचाही रॉड असतो आणि तुमचा सगळा हिशेब त्यावर आहे. पहिल्या दिवशी प्लेटेला हात लावायचा नाही. रिकामा रॉड, पाच वेळा, तीन सेट. लिहून ठेवा आणि गुरुवारी परत या.